खांद्यावर तांबूस, गळ्याशी पिवळं

२ फेब्रुवारी, रविवार

या डायरीच्या ओळी इतक्या फिक्या छापल्यात की छापल्यात की नाही तेच कळत नाही. शाई वाचवतात लेकाचे. मी आपला अंदाजाने लिहितोय. ओळ वर गेली, खाली गेली, मला विचारू नये.

डायरी लेकीने दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर जी कुरकुर करता ना, ती निदान अर्धी यात करा. आईच्या कानांना तेवढाच आराम." बरं बाई.

तर मी रफूवाला. कपडा जळला, कुरतडला, कसर लागली, की लोक माझ्याकडे येतात आणि भोक कुठे होतं ते विसरून घरी जातात. खाली दुकान, वर दोन खोल्या. वडिलांचंही हेच काम. शिवणं वेगळं आणि रफू वेगळा, हे अजून लोकांच्या डोक्यात शिरत नाही. शिवण दिसली तरी चालते. रफू दिसला तर तो रफू कसला? कापडाचे उभे-आडवे धागे जसे विणलेले असतात तसेच सुईने पुन्हा विणायचे, आणि धागाही त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून ओढून काढायचा, म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही. दुमडीत कापड नसेल तर मात्र बाजारचा धागा जुळवावा लागतो. तिथे नजर लागते. ती आपल्याकडे आहे.

हिचा राखाडी स्वेटरच घ्या. (ही म्हणजे माझी बायको. दुकानात गिऱ्हाईक तीच सांभाळते, कारण मी सांभाळलं तर गिऱ्हाईक उरणार नाही, असं तिचं म्हणणं.) उजव्या खांद्यावर कसर लागून हे एवढं भोक पडलेलं. काल बसून रफू केला. लोकर बाजारची, पण अशी जुळवली की बस्स! हिला म्हटलं, आता शोधून दाखव. हिने स्वेटर हातात घेतला, खांदा पाहिला, मग बराच वेळ माझ्याकडेच पाहत राहिली. म्हणाली, "कुठे होतं तेच कळत नाही." आणि लगेच अंगात घातला.

दुपारी लेक आली. आईला बघून "अगं आई, हे काय..." एवढंच म्हणाली, तोवर हिने तिला दूध बघायला आत पिटाळलं. दूध तापत नव्हतंच, असं लेक आतून ओरडून सांगत होती. या दोघींचं काय चाललेलं असतं, देव जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोकं फिरलं. बँकेतला साहेब निळी पँट घेऊन परत आला. म्हणे, गुडघ्यावर काळा धागा दिसतोय. मी म्हटलं, निळा आहे. तो म्हणे, काळा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही बँकेचं बघा, धाग्याचं मी बघतो. झालं, आवाज चढले. ही मधे पडली, पँट ठेवून घेतली, उद्या न्या म्हणाली. गिऱ्हाइकांना नको तितकं डोक्यावर चढवून ठेवलंय हिने.

पण खोटं कशाला बोला, धाग्यांत आता राम राहिलेला नाही. पूर्वी निळा म्हणजे निळा असायचा. दिव्यांचंही तेच. दुकानातला बल्ब बदलून झाला, पुन्हा बदलून झाला, उजेड म्हणून पडत नाही.

संध्याकाळी ही हळूच म्हणाली, "डोळे दाखवून येऊ या का एकदा?"

माझा पारा चढला. रफूवाल्याने डोळे दाखवायला जायचं म्हणजे दुकानाला आपल्याच हाताने कुलूप घालायचं. गल्लीत कळलं तर कोण कपडा टाकेल माझ्याकडे? वडिलांनी शेवटपर्यंत चष्म्याशिवाय सुई ओवली. मी वाट्टेल ते बोललो. हिने इस्त्री काढली. मग इस्त्री करता करता म्हणाली, "बरं, राहिलं. मी धागे काढून ठेवत जाईन सकाळी. तुमचा तेवढाच वेळ वाचेल."

माझी काही हरकत नाही. कारागिराच्या हाताखाली एखादं माणूस असावंच.

९ फेब्रुवारी, रविवार

साठी उलटल्यावर माणसाला काय काय बघावं लागतं! आज पहाटे हिने मला पक्षी बघायला नेलं.

आयुष्यात हिने कधी कावळ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. अचानक म्हणे मला पक्ष्यांची आवड लागलीय, आणि एकटी कशी जाऊ? पाण्याच्या टाकीमागे गाव संपतं तिथे झाडी आहे. दर रविवारी तिथे पाच-सात रिकामटेकडे गळ्यात दुर्बिणी अडकवून जमतात. त्यांचा म्होरक्या कप्तान. बोटीचा नव्हे हं. शाळेची बस चालवायचा, पोरांनी ठेवलेलं नाव आता त्याचं तोच सांगतो. डोक्यावर टोपी, कडेला इतकी फाटकी की माझे हात शिवशिवायला लागले.

त्याने सगळ्यांना गोळा करून रानचिमणीचा पाठ दिला. म्हणाला, "ही काही दुर्मीळ नाही. उलट इतकी साधी की लोक घरचीच चिमणी समजून पुढे जातात. घरच्या चिमणीच्या पाठीवर रेघा असतात. हिची पाठ कोरी, मातकट-राखाडी. पंखावर दोन पांढरे पट्टे. खांद्यावर तांबूस डाग. आणि मान वर केली, की गळ्याशी पिवळं. अगदी पुसटसं, कुणी बोट टेकवल्यासारखं. मादीचं त्याहून फिकं. सगळ्या खुणा एकदम मिळत नाहीत. आधी एक मिळते, मग थांबायचं. घाई करणाऱ्याला चिमणी दिसते, थांबणाऱ्याला रानचिमणी."

भाषण छान करतो. बसमध्ये आरशात बघून सराव केला असणार.

मग त्याची नजर हिच्यावर गेली. खांद्याकडे बघून हसलाच. "अरे वा! वहिनी, आमच्यात एक रानचिमणी आधीच आली की!" सगळे हसले. ही पण हसली, आणि माझ्याकडे एक कटाक्ष टाकून त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मला विनोद कळला नाही. ही चणीने लहान आहे, बोलते भराभर, म्हणून असेल. पण पहिल्याच भेटीत परक्याच्या बायकोला चिमणी म्हणायचं? वयाला शोभतं का?

पक्षी म्हणाल तर मला एक पान हललेलं दिसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गेलो. मला दिलेली दुर्बीण धुरकट निघाली. रुमालाने पुसली, फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने पुसली. शेजारच्या बाईंना बघायला दिली तर म्हणाल्या, "स्वच्छ आहे की!" सौजन्य म्हणून बोलतात लोक.

रानचिमणी त्यांना म्हणे चार वेळा दिसली. मला जिथे ठिपका दिसला, तिथे खांदाही राखाडी आणि गळाही राखाडी. मी सरळ सांगितलं, "पिवळं-बिवळं काही नाही. पहिल्यांदा ज्याने पाहिलं त्याला कावीळ झाली असेल."

कप्तान चिडला नाही. चिडायला हवा होता, मजा आली असती. मग मीच पैज लावली. मला पिवळं दिसलं, तर तुझी ती टोपी फुकट रफू करून देईन.

ही मागून म्हणाली, "आणि सगळ्यांना दिसलं, तुम्हालाच नाही दिसलं तर?"

"तर तू म्हणशील ते करीन."

"लिहून ठेवा," म्हणाली. ठेवलं. मी शब्दाचा पक्का आहे.

यांच्यात हिचं आता नावच पडलंय. "रानचिमणी आली का?" "रानचिमणी पुढे गेली." धुक्यातसुद्धा लांबून ओळखतात हिला. मला कुणी ओळखत नाही, जवळून हाक मारतो तेव्हा कळतं म्हणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोठं काम आलं! कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई आल्या होत्या. नवऱ्याचा कोट घेऊन. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मलई रंगाचा, लोकरीचा, असा कपडा आता बघायला मिळत नाही. स्वतःच्या लग्नात घातला होता त्यांनी. आता मुलाचं लग्न आहे एप्रिलच्या शेवटी, आणि त्याला हाच हवाय. पण कॉलरच्या खाली, ऐन छातीवर, सिगारेटने जळून भोक पडलेलं.

दुमडीत हात घातला तर आत कापडच नाही. कोट दोनदा ढिला करून झालाय, सगळं बाहेर काढलेलं. म्हणजे धागा जुळवणं आलं.

बाई म्हणाल्या, "फोटोत तेवढंच दिसेल हो. जमेल ना?"

मी म्हटलं, "बाई, डोळे झाकून करून देईन."

हिला एकदम खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

बाई गेल्यावर म्हणाली, "हा घ्यायला नको होता." मी म्हटलं, का? तर, "एकच कोट आहे तो. दुसरा मिळायचा नाही." अगं, म्हणून तर माझ्याकडे आणला ना?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मी सगळ्यांवर मात केली. कानांनी!

कप्तान म्हणाला होता की रानचिमणीचा आवाज घरच्या चिमणीसारखाच, पण जरा मऊ, गोलसर. झाडीत शिरलो आणि मी थांबलो. म्हटलं, ती काय, डावीकडे, वरच्या अंगाला. सगळ्यांनी दुर्बिणी फिरवल्या, आणि होती! वाळक्या फांदीवर नर बसलेला. कप्तानाने पाठ थोपटली. "उस्ताद, कान आहे तुम्हाला!" माणूस वाईट नाही तसा. येताना सगळ्यांनी बाकावर बसून चहा घेतला, माझ्या कपात हिने आपला अर्धा ओतला. रविवार बरे जायला लागलेत, हे मान्य करायला हवं.

पण एक गोष्ट राहिली. लिहू की नको असं झालंय. लिहितो, डायरी कोण बघतंय?

त्या नराने मान मागे टाकली तेव्हा सगळे एकदम "वा!" म्हणाले. मी पण म्हणालो. मला काहीही दिसलं नव्हतं. पिवळं तर सोडाच, फांदी कुठे संपते आणि पक्षी कुठे सुरू होतो तेसुद्धा कळलं नाही.

ही बाजूलाच होती. हळूच विचारते, "कुठे तोंड करून बसला होता हो?"

मी म्हटलं, "तिकडे."

"बरं," म्हणाली, आणि माझा हात धरला. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

ही सकाळी लेकीकडे गेली. कोटासाठी तिने धागा काढून ठेवलेला नव्हता. चार दिवस झाले, आज आणते, उद्या आणते करत होती. मी म्हटलं, हिच्या भरवशावर बसलो तर मुलगा गंजिफ्रॉकवर लग्नाला उभा राहील. स्वतःच कपाट उघडलं, मलई रंगाची रिळं काढली, कोटाला लावून बघितली. एक असं जुळलं की वेगळं दिसेना. बसलो. हात काय चालला माझा! दुपार कशी झाली कळलं नाही. उभे धागे भरून झाले, आडवे अर्ध्यावर आणले.

ही आली. पिशवी हातातच. कोटाकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली.

मी म्हटलं, "कसा आहे?"

मला वाटलं म्हणेल, कुठे होतं तेच कळत नाही. नेहमी तेच म्हणते. आज नाही म्हणाली. म्हणाली, "अहो, हा धागा पिवळा आहे."

"मलई रंगाचा आहे."

"पिवळा आहे. लिंबासारखा पिवळा."

माझा संताप झाला. रीळ घेऊन दारात गेलो, भर उन्हात धरलं. पांढरट. कोट धरला. पांढरट. तिला म्हटलं, तुलाच कावीळ झालीय. ती उठली. आत जाऊन एक लिंबू घेऊन आली आणि रिळाशेजारी माझ्या तळव्यावर ठेवलं.

मला लिंबूसुद्धा पांढरटच दिसलं.

लिंबू पिवळं असतं हे मला माहीत आहे. तिथेच पायरीवर बसलो. एकदम ते "वा!" आठवलं. सगळ्यांना दिसत होतं ते पिवळं, मलाच नव्हतं दिसत. चिमणीत खोट नव्हती. दुर्बीण स्वच्छ होती. बँकेचा साहेब खरं बोलत होता. बल्ब ठीक होता! आणि बेकरीवाल्या बाईंच्या नवऱ्याच्या कोटावर, ऐन गळ्याखाली, मी पिवळा डाग विणून ठेवलाय.

ही जवळ बसली. म्हणाली, "पैज हरलात. मी म्हणेन ते करायचं."

"कर काय करायचं ते," मी म्हटलं. रडू आलं. आलं तर आलं.

१ मार्च, शनिवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. "चांगला पिकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जणू मी झाडाला लावला होता. म्हणाल्या, भिंग तपकिरी झालंय, तुम्ही सगळं जग त्यातून गाळून बघताय. आधी डावा डोळा, मग जमलं की उजवा.

विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?" मी तोंड उघडायच्या आत हिने सांगितलं, "मागच्या हिवाळ्याच्याही आधीपासून." म्हणजे इतके दिवस हिला माहीत होतं, आणि मला आज कळतंय. धागे का काढून ठेवायची तेही आता कळलं. पक्ष्यांची आवड का लागली तेही. विचारलं तर म्हणते, "सांगून ऐकलं असतंत का?" नसतं ऐकलं.

घरी येऊन हिने कोटावरचा पिवळा धागा उसवायला घेतला. एकेक टाका, सुईच्या टोकाने, मूळ कापडाला धक्का न लावता. मी शेजारी बसून राहिलो, नुसता.

भीती वाटते. उघडच लिहितो. ऑपरेशन बिघडलं तर? माझे हात आहेत अजून, पण हातांना वाट कोण दाखवणार? मला दुसरं काही येत नाही. बेकरीवाल्या बाईंना ही जाऊन सांगून आली की काम व्हायला एप्रिल उजाडेल. का, ते नाही सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

(हे मी लिहितेय. त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. ते सांगताहेत तसं लिहायचं, मधे आपलं घुसडायचं नाही, अशी ताकीद आहे.)

ऑपरेशन झालं. दुखलं नाही. डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे, त्यांनी रफूचं काम केलं असतं तर नाव काढलं असतं. मी अजिबात घाबरलो नाही.

(माझ्या हाताला वळ उठलेत.)

काय लिहितेस? फक्त मी सांगतो ते लिही. पट्टी उद्या निघेल. मागची पानं वाचायची नाहीत.

(वाचत नाहीये. वाचणार तरी कशी? एक ओळ दुसरीवर चढलीय, तिसरी पानाबाहेर गेलीय.)

संपलं? मिटून ठेव.

(मिटतेय. उद्याची मलाही भीती वाटतेय. त्यांना सांगितलेलं नाही.)

५ मार्च, बुधवार

या डायरीच्या ओळी निळ्या आहेत! चांगल्या ठसठशीत निळ्या! छापणाऱ्यांची माफी मागतो.

पट्टी काढली आणि मी आधी भिंतीकडे बघितलं. पांढरी. इतकी पांढरी की मी विचारलं, रंग दिला का? मग नर्सचा डगला. मग खिडकीतून आभाळ. आभाळाचं काय लिहू! मी विसरलो होतो, आणि विसरलोय हेही विसरलो होतो. उजवा डोळा झाकला की असं, डावा झाकला की सगळं चहात बुडवून काढलेलं. घरी येईपर्यंत रस्ताभर हाच खेळ. हिला वाटलं, मी लोकांना डोळे मारतोय.

आणि ही. केस सगळे पांढरे. डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या कडेला सुरकुत्या. म्हटलं, "अगं, तू म्हातारी कधी झालीस?"

"तुमच्या डोळ्यांदेखत," म्हणाली.

इतके हसलो दोघं की खाली दुकान सांभाळणारी लेक धावत वर आली.

काही दिवस सुई हातात धरायची नाही, धुळीत जायचं नाही. रविवारही बंद. दुकानात नुसता बसतो आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे रंग सांगतो. ही म्हणते, पूर्वीची कुरकुर बरी होती.

३० मार्च, रविवार

डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाली, आज झाडीत गेलो. डोळ्यांत औषध घालून थांबावं लागतं, म्हणून मी आणि लेक मागून निघालो. चहाचा थर्मास घेऊन ही आधीच पुढे गेली होती.

थंडी संपली तरी पहाटे तिथे गारवा असतो. टाकीच्या वळणावर कप्तान भेटला. लेकीने विचारलं, "आई कुठाय?" त्याने दुर्बीणही न लावता बोट दाखवलं. "ती काय, तिकडे, जुन्या दिव्याच्या खांबापाशी. आमची रानचिमणी."

मी बघितलं. बरीच लांब, पाठमोरी, लहानशी. राखाडी स्वेटर. पाठ कोरी. आणि उजव्या खांद्यावर हा एवढा तांबूस डाग.

मला आधी कळेचना. चिखल लागला असेल, पान चिकटलं असेल. मग कळलं. तो माझा रफू होता.

राखाडीवर विटेसारखा तांबूस. आंधळ्यालाही दिसेल असा. आणि मी म्हटलं होतं, शोधून दाखव! उरलेला सगळा हिवाळा ही तो अंगावर घालून फिरली. दुकानात, बाजारात, बँकेत, इथे. रफूवाल्याची बायको, खांद्यावर असला रफू घेऊन. लोक हसले असतील, कुणी विचारलं असेल, हिने काय सांगितलं असेल? मला एका शब्दाने कळू दिलं नाही. लेक त्या दिवशी "हे काय" म्हणाली ते हेच. कप्तान पहिल्या दिवशी हसला ते हेच. आणि मी माझा त्याच्यावर जळत होतो!

माझे पायच थांबले. लेक म्हणाली, "बाबा, चला." तिला सगळं माहीत होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. दिसतं आता मला.

हिच्याजवळ गेलो. बोलायला तोंड उघडलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. त्या बंद पडलेल्या खांबाच्या आडव्या नळीत रानचिमण्यांनी घरटं केलंय. मादी काडी घेऊन आत शिरली, तिच्या मागे नर येऊन टोकावर बसला. पंखावर दोन पांढरे पट्टे, मोजून घ्या. खांद्यावर तांबूस. मी थांबलो. घाई केली नाही. त्याने मान वर केली, आणि गळ्याशी, पांढऱ्याच्या खाली, पिवळं. लिंबाच्या सालीचा बारीकसा तुकडा लागावा इतकंच. होतं. पहिल्यापासून होतं.

"दिसलं?" हिने विचारलं.

"दिसलं."

"काय दिसलं?"

"दोन्ही," म्हटलं. मग तिने माझी नजर कुठे आहे ते बघितलं आणि पटकन खांद्यावर हात ठेवला.

"काढ तो स्वेटर," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता उसवतो. नीट करून देतो."

"हात लावायचा नाही," म्हणाली. "छान आहे. लांबून ओळखतात मला."

घरी येईपर्यंत मी तीनदा मागितला. नाही दिला. आता कपड्यांच्या कपाटाची किल्ली हिच्याकडे.

९ एप्रिल, बुधवार

आज कोटाला हात घातला.

सकाळी खाली आलो. टेबल पुसलेलं, कोट पसरलेला, सुया डबीत, दिवा सारखा केलेला. धागा नव्हता. वर डोकावून विचारलं, "अगं, कोटाचा धागा कुठाय?"

ती इस्त्रीवर पाणी शिंपडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारता? तुमचं तुम्ही बघा."

कपाट उघडलं. किती रिळं! इतक्या रंगांच्या मधे मी बसत होतो आणि मला चारच दिसत होते. मलई रंगाचे सहा-सात धागे निघाले. दारात नेले, उन्हात धरले, सावलीत धरले, डाव्या डोळ्याने बघितले. शेवटी एकाच रिळात काम भागेना, दोन धागे मिळून पीळ द्यावा लागला, तेव्हा कुठे कापडाचा रंग आला. हात हळू चालला. चालू दिला. ही दिवसभर एकदाही बघायला आली नाही. गिऱ्हाईक आलं तरी लांबूनच बोलली.

संध्याकाळी बेकरीवाल्या बाई आल्या. कोट उचलून दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "अगदी पहिल्यासारखा! कुठे होतं तेच कळत नाही."

हे वाक्य ऐकून मी सावध झालो. आता मी असा कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. म्हटलं, "बाई, तसं नको. जिथे भोक होतं तिथे बोट ठेवा."

बाईंनी कोट जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला. मग बोट ठेवलं. चांगलं चार बोटं खाली, धडधाकट कापडावर.

मी हिच्याकडे बघितलं. ती कोपऱ्यात उभी होती, दोन्ही हात तोंडावर. डोळे भरलेले. मला आता दिसतात.

रात्री जेवताना म्हणाली, "कप्तानाची टोपी आलीय. पैजेची. उद्या करा."

"करतो. आणि स्वेटर?"

"स्वेटर नाही."